सुलूची मांजरं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला न्हाई, बहिणीला न्हाई. देवापुढं उभं राहूनसुद्धा मनातल्या मनात म्हटलं न्हाई — त्याला ठाऊक असंलच, मंग आपण कशाला बोलायचं, म्हणून तिथनंही सुटलो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत न्हाई. ओळखत असता तर तुम्हीपण म्हटलं असतं, भाऊ असावा तर असा. आमचे पाव्हणेरावळे म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी वाटतं. खरं म्हणजे कुणाच्या द्यावी, ते मला बराबर माहीत आहे.

सुरुवात मांजरांपासून करावी लागंल.

सुलू माझी धाकटी बहीण. आम्ही मूळचे केदारखेड्याचे. मी जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागलो, तेव्हा माय अन् सुलू माझ्यासंगच आल्या. सुलू लहान असताना राजूरच्या जत्रेतनं एक मांजर घेऊन आल्ती, मातीचं, पांढरं, एक कान जरा वाकडा. मंग दुसरं आलं. मंग येतच गेली. डोळे इकडून तिकडं फिरवणारं मांजराचं घड्याळ. दुकानात ठेवतात तसलं सोनेरी, हात हलवत बसणारं. मांजराच्या तोंडाचा कप, त्यात कुणी चहा पिलेला तिला चालायचा न्हाई. मोठी झाल्यावर बियाण्याच्या कंपनीत बी निवडायला, ग्रेडिंगला लागली, तर तिथनं रिकाम्या पिशव्यांचं कापड आणून स्वतःच मांजरं शिवायची. आत कापूस, बटनाचे डोळे, दोऱ्याच्या मिशा. एकासारखं दुसरं न्हाई. समोरच्या खोलीत भिंतीत तीन फळ्यांचं फडताळ होतं, ते सगळं तिचं. दर रविवारी एकेक मांजर खाली काढायची, ओल्या फडक्यानं पुसायची अन् होतं त्याच जागी ठेवायची.

खरं मांजर तिनं कधीच पाळलं न्हाई. मायला चालत न्हवतं, दुधात तोंड घालतं म्हणून. सुलूनं हट्ट धरला न्हाई. कशाचाच धरला न्हाई तिनं. हे मी चार माणसांत कौतुकानं सांगायचो. कौतुक कसलं? ही किती सोसंल, याचा अंदाज घेत होतो मी — दुसरं काय?

मंग मायला लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली. सुलूनं कंपनी सोडली. मायला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं, हागणं-मुतणं, सगळं सुलू. माझी बायको मंगल मदत करायची, पण आमची दोन लेकरं लहान होती. अन् मी? मी ड्यूटीवरून आलो की मायच्या खाटेशी बसून विचारायचो, बरं आहे ना? एवढी माझी सेवा.

सुलूला पाहायला आधी पाच-सहा जण येऊन गेल्ते. रंग, उंची, कुणाला काय, कुणाला काय. मंग येणं बंद झालं. आम्ही शोधणं बंद केलं — आम्ही न्हाई, मी. मी बंद केलं. ती चौतीस वर्षांची झाली, तेव्हा टेंभुर्णीचं स्थळ मंगलनं आणलं. हे नीट ध्यानात ठेवा. मंगलनं आणलं. तिच्या मावसबहिणीच्या ओळखीतलं. दिगंबर नाव. मोटारी भरायचं दुकान, म्हणजे विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारींची तार बदलून द्यायची. बायको वारलेली, सात वर्षांची एक पोरगी.

दिगंबर आला, संगं त्याची थोरली बहीण अन् ती पोरगी. पोहे झाले. पोरगी सरळ फडताळापाशी गेली अन् सुलूकडं पाहिलं. सुलूनं अख्खी खालची फळी तिच्यापुढं जमिनीवर मांडली. मला वाटलं, आता हे हसतील. चौतीस वर्षांची बाई अन् ही खेळणी. दिगंबर हसला, पण तसा न्हाई. तो खाली मांडी घालून बसला अन् एकेक उचलून विचारायला लागला — हे कुठनं आणलं, हे कधी शिवलं? सुलू सांगत गेली. बहिणीला एवढं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी त्यानं तिलाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मला चालंल," सुलू म्हणाली.

झालं. ठरलं. मी खुर्चीवर पोह्यांची बशी घेऊन बसलेलो, घरातला कर्ता पुरुष, अन् मला कुणी विचारलंच न्हाई. पोरीनं एक कापडी मांजर छातीशी धरलेलं, ते सुलूनं तिला देऊन टाकलं. त्याचंपण मला विचारलं न्हाई.

त्यानंतरचे तीन दिवस मी स्वतःला काय काय सांगितलं! मायचं कोण करंल? मंगलला एकटीला झेपंल का? बिजवर आहे, पोरीसाठी मोलकरीण नेऊन राह्यला असंल. सगळं खोटं. मायचं आम्ही केलं असतं, बाई ठेवली असती, काहीपण केलं असतं. खरं एवढंच होतं, की माझं घर बसल्या जागी चालत होतं अन् ते मोडणार होतं. अन् ते मोडायचं माझ्या तोंडासमोर ठरलं, मला न विचारता. एवढ्याशा गोष्टीचा राग. तुम्हाला हसू येतं का? मला येत न्हाई.

चौथ्या दिवशी मंगल अंघोळीला गेल्ती. तिचा मोबाईल ओट्यावर होता. मी तो उचलला अन् गच्चीवर गेलो. टेंभुर्णीचा नंबर तिच्याकडंच होता. दिगंबरच्या बहिणीनं उचलला. मी म्हटलं, अक्का, एक सांगायचं राह्यलं. सुलूचं जरा डोक्याचं आहे. औषधं चालू आहेत. ती मांजरं पाहिली ना तुम्ही? त्यांच्याशी बोलती ती.

सुलूनं आयुष्यात डोक्याची एक गोळी घेतली न्हाई. डोकं दुखलं तर बाम लावायची.

फोन करून मला वाटलं, संपलं. एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी अर्धा माणूस तरी राह्यलो असतो. दोन दिवसांनी चारला शिफ्ट सुटली अन् मिलच्या गेटसमोर, चहाच्या टपरीपाशी, दिगंबर मोटारसायकल लावून उभा. त्याचे डोळे लाल. टेंभुर्णीहून एकटाच आल्ता. म्हणाला, "दादा, अक्का न्हाई म्हणती. पण मला औषधाचं काही न्हाई. माझी पहिली दोन वर्षं आजारी होती, मी केलं सगळं. यांचंपण करीन. तुम्ही फक्त मला खरं सांगा."

बघा. माणूस तिला आजारी समजूनपण करून घ्यायला तयार होता. माझ्या धडधाकट बहिणीला. मी नुसतं म्हणायचं होतं, अक्कांच्या ऐकण्यात फरक झाला. लाजेची गोष्ट बाजूला राह्यली असती, कुणाला कळलंपण नसतं. तेवढंच बोलायचं होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, शेजारच्या लेकराला तिनं एकदा खोलीत कोंडलं होतं. दोन तास. लेकरू निळं पडल्तं. तुमच्या घरात पोरगी आहे, म्हणून सांगतो. पोरीला जपा.

असलं काही झालं न्हवतं. शेजारची लेकरं सुलूच्या अंगाखांद्यावर असायची.

दिगंबरनं खिशातनं मोटारसायकलची चावी काढली. मंग म्हणाला, "उपकार झाले तुमचे." अन् गेला. माझ्या चहाचे पैसेपण देऊन गेला.

टेंभुर्णीहून निरोप आला तो मंगलच्या मावसबहिणीकडनं: सध्या करायचं न्हाई. कारण काही न्हाई. सुलूला चैन पडंना. दिगंबरचा नंबर घ्यावा म्हणून तिनं मंगलचा मोबाईल घेतला अन् त्यात तिला दिसलं, निरोप यायच्या आधी मंगलच्या फोनवरून टेंभुर्णीला कॉल गेल्ता. नऊ मिनिटं. मी जेवत होतो. सुलू स्वयंपाकघराच्या दारात आली. आवाज चढवला न्हाई तिनं.

"वहिनी, तुम्ही फोन केल्ता का?"

"न्हाई," मंगल म्हणाली. तिनं मोबाईल हातात घेतला, पाहिला अन् मंग माझ्याकडं पाहिलं. घरात तिसरं माणूस कोण होतं? माय खाटेवर. मंगलला कळलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं, अन् ती थांबली. मी बोलंन म्हणून थांबली.

मी म्हटलं, "जाऊ दे सुलू. झालं ते झालं. घरात भांडण नको."

एका वाक्यात मी बायकोला गुन्हेगार केलं. वरून मोठ्या मनाचा ठरलो, बायकोची चूक पोटात घालणारा! मंगल काही बोलली न्हाई. बोलली असती तर कुणी ऐकलं असतं? नणंदेचं लग्न वहिनी मोडती, हे आपल्याकडं लोकांना आधीच पाठ असतं. नुसतं नाव भरायचं राहतं, ते पाव्हण्यांनी भरलं.

सुलूनं दिगंबरला फोन केलाच न्हाई. पुढच्या रविवारी तिनं बियाण्याचं एक रिकामं पोतं आणलं. तिला कुठनं तरी कळल्तं, की मांजरांवरून काहीतरी बोलणं झालं. फडताळातनं एकेक काढून ती पोत्यात टाकायला लागली. पुसली न्हाईत. पोतं मिटायला लागलं तर म्हणाली, दादा, जरा धर. मी पोत्याचं तोंड धरलं. दोन्ही हातांनी. घड्याळ आत पडताना डोळे हलवत होतं. ते पोतं मी स्वतः घंटागाडीत टाकून आलो. फडताळात आता मंगलच्या चादरी असतात.

माय दीड वर्षात गेली. ज्या मायचं नाव पुढं करत होतो, ती दीड वर्षात गेली. सुलू परत कंपनीत जायला लागली. लग्न मोडलं त्याला आता बारा वर्षं झाली. ती आमच्यातच राहती. मंगलशी कामापुरतं बोलती — भाजी काय, गॅस कधी येणार. भाऊबीजेला मला ओवाळती अन् मी ताटात साडी ठेवतो. तिच्या डोळ्यात माझ्याबद्दल माया आहे. ती माया मी बारा वर्षं चोरून खाऊन राह्यलो.

गेल्या दिवाळीत बाजारात दिगंबर दिसला. संगं ती पोरगी, आता कॉलेजात असंल. त्यानं दुसरं लग्न केलं का न्हाई, मी विचारलं न्हाई. बाई संगं न्हवती. त्यानं हात जोडले. विचारलं, "ताई बऱ्या आहेत का आता?" बारा वर्षांनी! मी म्हटलं, आहे, औषधं चालू आहेत. का म्हटलं? आता कशासाठी? मायपण न्हाई, घरचं कामपण न्हाई. तरी जिभेवर तेच आलं.

अन् गेल्या महिन्यात केदारखेड्याला पुतणीचा साखरपुडा झाला. पंगत बसली. मंगल वाढत होती. माझी चुलती शेजारच्या बाईला म्हणाली, चांगलं मोठ्यानं, की या मंगलनं सोन्यासारख्या पोरीचं वाटोळं केलं, पण आमच्या पोरानं दोघींना संभाळून घेतलं हो. मंगल दोन हातांच्या अंतरावर होती. तिनं ऐकलं. सगळ्या ओळीनं ऐकलं. सुलूनं ऐकलं अन् ताटात पाहिलं. मंगल भाताचं घमेलं घेऊन माझ्यापुढं आली अन् थांबली. तशीच थांबली, बारा वर्षांपूर्वीसारखी.

मी म्हटलं, "थोडाच वाढ."

तिनं थोडाच वाढला. पुढं गेली.

मी जेवलो. पोटभर जेवलो. ताट चाटून पुसून जेवलो, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

आता दोघींना सांगणार आहे, असं मी इथं लिहिणार न्हाई. तसं लिहिलं की लगेच बरं वाटायला लागतं, आपण सुधरलो असं वाटतं, अन् तेवढंही मला मिळू नये. बहिणीचं लग्न मी मोडलं. ती वेडी आहे, लेकरांना कोंडती, असं मी म्हटलं. अन् ते पाप बायकोच्या पदरात बांधून तिला बारा वर्षं पंगतीत वाढायला लावलं.

मी. दुसऱ्या कुणी न्हाई.