पिवळ्या हेडची दुपार

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे निम्मे किस्से वाचून मी हसलेली आहे. राग मानू नका. आम्ही बौद्ध, घरात नवस नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. माझ्या माहेरी, समुद्रपूरला, कुणी 'बाहेरचं झालं' म्हटलं की माझे वडील त्या माणसाला आधी दवाखान्यात न्यायचे आणि परत येताना रस्ताभर रागवायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण दोन वर्षं झाली, पोटात ठेवून ठेवून कंटाळले.

देवळीत आमचं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, बस स्टँडपासून पाच मिनिटांवर. पुढे कॉम्प्युटर, मागच्या खोलीत मोठं मशीन. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली... गावातलं सगळं सुखदुःख दहा फूट रुंद होऊन आमच्याकडून बाहेर पडतं. डिझाइन मी करते. मशीन माझे मिस्टर विलास यांचं. यांचं म्हणजे यांचंच — मला हात लावायची परवानगी नव्हती!

त्याचं कारण हेड. मशीनमध्ये चार हेड असतात — काळा, निळा, गुलाबी, पिवळा. एकेका हेडला शेकडो बारीक छिद्रं, त्यातून शाई उडते. शाई सुकली की छिद्र बंद, आणि छापलेल्या माणसाच्या तोंडावर पांढऱ्या रेघा. म्हणून हे रोज सकाळी टेस्ट प्रिंट काढायचे. बारीक बारीक रेघांची पट्टी असते ती. जिथे रेघ नाही तिथे बॉलपेनने गोल करायचे. मग सिरिंजमध्ये शाई विरघळवणारं सोल्युशन भरायचं, नळी हेडला लावायची आणि अंगठ्याने दाबत बसायचं. रात्री हेडखाली ओला फोम. पोरीच्या तापात मी एकटी जागले असेन, पण फोम ठेवायला हे कधी विसरले नाहीत. मी म्हणायची, "माझ्यापेक्षा या मशीनशीच लग्न करायचं होतं." तर म्हणायचे, "ते तुयापेक्षा कमी बोलते."

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सकाळी चहा पिताना यांच्या उजव्या हातातून कप सुटला. मी ओरडले, "लक्ष कुठं आहे?" — आणि बघते तर तोंड वाकडं झालेलं. ते ओरडणं मला अजून टोचतं. गाडी करून वर्ध्याला नेलं. मेंदूत रक्तस्राव. आयसीयू. शुद्ध नाही, उजवी बाजू पूर्ण गेलेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. शुद्धीवर यायला जितका उशीर, तितकं अवघड.

तीन दिवस नुसती वाट. संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटं आत सोडायचे. सिस्टर म्हणाल्या, ओळखीचं काहीतरी बोलत राहा. मी पोरीचं सांगितलं, घराचं सांगितलं, रडलेसुद्धा... काही नाही. तिसऱ्या दिवशी माझं डोकंच फिरलं. कानाशी वाकून म्हटलं, "तीन दिवसांपासून मशीन बंद आहे. फोम सुकला असेल. तुमचे लाडाचे हेड मरून राहिलेत, अन् तुम्ही इथं झोपले!"

काही नाही. पापणीसुद्धा नाही.

पण त्या रात्री मी स्वतःच अडकले त्या वाक्यात. मला वाटायला लागलं, हे उठतील आणि पहिलं तेच विचारतील. मी काय सांगू? हेड मेले? मग कशासाठी उठलो असं वाटलं तर? वेडेपणा होता, पण चार दिवस नीट झोप नसली की वेडेपणाच खरा वाटतो.

चौथ्या दिवशी दुपारी माझ्या दिराला, प्रमोदला, आयसीयूच्या बाहेर बसवलं आणि स्कूटीवर देवळीला आले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुकान उघडलं तर मागची खोली भट्टी झालेली. फोम पापडासारखा कडक. टेस्ट प्रिंट काढली — काळा बरा, निळ्या-गुलाबीत फटी, आणि पिवळ्याच्या जागी काहीच नाही. कोरा फ्लेक्स.

सिरिंज कुठे असते, सोल्युशन कोणतं, नळी कुठे लावायची हे बारा वर्षं बघून माहीत होतं. तेवढंच माहीत होतं. फोम ओला केला. निळा आणि गुलाबी थोड्या दाबाने मोकळे झाले. पिवळ्याला सिरिंज लावली, दाबली... दगड! प्रमोदचा फोन आला, "वहिनी, जेवल्या काय?" तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, फोनमध्ये आहे अजून. "जेवते," म्हणून ठेवला आणि मला इतका राग आला — त्या हेडचा, डॉक्टरचा, यांचा, त्या सुटलेल्या कपाचा... म्हटलं जाऊ दे, फुटलं तर फुटलं. सिरिंज नीट पकडली आणि सगळा जोर एकवटला.

अंगठा दबलाच नाही.

थकवा असेल म्हणाल. मीही म्हणते. पण थकलेला हात थरथरतो. माझा हात थरथरायचा थांबला होता. सकाळपासून पहिल्यांदा. अंगठा सिरिंजवर टेकलेला, निवांत. मग तो हलका दबला. थांबला. हलका दबला. थांबला. तिसऱ्यांदा दबला आणि मग बराच वेळ तसाच. मग सोडला. पुन्हा तेच — तीनदा हलकं, एकदा लांब, सोडणं. मी मोजत नव्हते, ठरवत नव्हते. मी फक्त बघत होते. भीती? अजिबात नाही. उलट इतकं शांत वाटत होतं, लहानपणी तापात कुणी कपाळावर हात ठेवावा तसं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायचंही सुचत नव्हतं.

कितीतरी वेळाने हेडखाली एक पिवळा थेंब आला. मग दोन. मग बारीक धारा, एकीशेजारी एक... शेवटी पूर्ण पट्टी. टेस्ट प्रिंट काढली. एक रेघ कमी नाही. मी फोटो काढून ठेवला, यांना दाखवायला. वेळ दोन पन्नास.

सिरिंज धुताना लक्षात आलं, ती माझ्या उजव्या हातात आहे. मी डावखुरी आहे हो. जेवण सोडून उजव्या हाताने मला साधी सुई ओवता येत नाही.

पाच वाजता आयसीयूत गेले. दुपारच्या सिस्टर हिंगणघाटच्या, मोकळ्या बोलणाऱ्या बाई. ड्युटी संपली तरी थांबलेल्या. मला बघून म्हणाल्या, "ताई, तुमचे मिस्टर कंपाउंडर हायेत काय?"

"नाही. काऊन?"

"अवो, आज दुपारी त्यायचा उजवा आंगठा हालून राह्यला होता. बोटाले ती ऑक्सिजनची क्लिप असते ना, घडीघडी निघे. मी लावो, अन् निघे. मंग मी उभी राहून पाह्यलं, तं असं करून राह्यले होते..."

आणि त्यांनी हवेत करून दाखवलं. बोटांत काहीतरी धरल्यासारखं. तीनदा हलकं. एकदा लांब. सोडणं.

"इंजेक्शन देल्यासारखं," त्या म्हणाल्या. "म्हून इचारलं."

मी विचारलं, "किती वाजता?"

त्यांनी कागद बघितला. क्लिप निघाली, सव्वादोन. पुन्हा, अडीच. पुन्हा, दोन चाळीस. मग कंटाळून डाव्या हाताला लावली. "पावणेतीनच्या बाद मंग एकदम शांत झाले," म्हणाल्या. मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला, सगळं सांगितलं. बाई दोन्ही हातांत माझा हात धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनाही सांगितलं त्यांनी; ते म्हणाले, होतं असं, रिफ्लेक्स असतो. पण मग पुन्हा एकदा स्कॅन उघडून बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी डोळे उघडले.

हेडबद्दल काही विचारलं नाही. कित्येक दिवस बोलताच येत नव्हतं. नंतर मी सांगितलं तर म्हणाले, मले काईच आठवत नाई. कपाच्या पुढचं काहीच नाही. आता काठी घेऊन चालतात, बोलतात, भांडतातही. पण उजवा हात त्या दुपारनंतर हलला नाही. दोन वर्षं मसाज, व्यायाम, विजेचे झटके... एक बोट नाही. डॉक्टर म्हणतात, आता येणार नाही.

आणि मी? मी रोज सकाळी हेड साफ करते. उजव्या हाताने. त्या हाताने मला अजूनही सुई ओवता येत नाही, सही करता येत नाही. फक्त सिरिंज धरता येते. नागपूरचा टेक्निशियन बघून म्हणाला, "भाभीजी, ये तो बिलकुल भैया का हाथ है." त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी घरी येऊन कोपऱ्यात बसून रडले. कारण जे दोन वर्षं मनात होतं ते त्याने तोंडावर बोलून टाकलं. यांच्या हातात जे थोडंफार उरलं होतं, ज्याने कदाचित पुढे घास उचलता आला असता, ते त्या दुपारी मी त्या पिवळ्या हेडवर खर्च तर केलं नाही ना? मीच तर कानात ओरडले होते. मी यांना विचारलंच शेवटी. "तुमचा हात मी तर नाही ना घेतला?"

यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मला वाटलं, रागावले. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, उशी उचलावी तसा, आणि माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"ठेव तुयाजवळ," म्हणाले. "मायाजवळ तसाही पडूनच हाय."

याचा अर्थ मला कुणी विचारू नका. रिफ्लेक्स असेल, योगायोग असेल, झोप नसलेल्या बाईचा भ्रम असेल. सिस्टरांच्या कागदावरच्या वेळांचं काय करायचं ते मात्र मला अजून कळलेलं नाही. तो हात किती तरी वेळ माझ्या मांडीवर होता. गरम होता.