ओळखल्याशिवाय खिरापत नाही

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी हेडसरांनी ठरवलं, की आठवीचा माझा तास काढून गणिताला द्यायचा. मी भांडले. शेवटी ते म्हणाले, "तालुक्याच्या सांस्कृतिक स्पर्धेत नंबर आणा, तास ठेवतो." वर सल्लाही दिला, सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवा, हमखास नंबर येतो. माझं डोकंच सणकलं.

मी भुलाबाई बसवली. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींना त्यातलं एकही येत नव्हतं. मग चित्रकलेच्या तासाला आम्ही मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-शंकर, घडवले, रंगवले, ज्वारीच्या धांड्यांचा मखर बांधला. गाणी पोरींनी आपापल्या आयांना पिडून आणली. एका गावची चाल दुसऱ्या गावाशी जुळेना, त्यावरून वर्गात रोज कचाकचा भांडणं. मला ती भांडणं फार आवडली. आपलं वाटल्याशिवाय माणूस कशासाठी भांडत नाही.

स्पर्धेत पोरी झकास गायल्या. पण भुलाबाईची गाणी संपली की खिरापत ओळखायला लावतात. झाकलेला डबा हलवून दाखवायचा आणि नाव बरोबर आलं तरच उघडायचा. नंतर खायला म्हणून मी दिलेला डबा पोरींनी मंचावर नेला आणि थेट परीक्षकांनाच म्हणाल्या, "ओळखा!"

वेळ संपल्याची घंटी वाजली. पोरी हलेनात. मी पडद्याआडून हातवारे करत होते. एकीने तिथूनच ऐकवलं, "ओळखल्याबिगर कसं येऊ, मॅडम?" वेळ ओलांडली की स्पर्धेतून बाद, असा नियम होता. गेला तास!

तेवढ्यात मांडवातून एक बाई ओरडली, "लाडू!"

"नाई!"

"फुटाणे!"

"नाई!"

मग सगळा मांडवच पेटला. दुसऱ्या शाळांचे मास्तर, चहावाला, जो तो विचारू लागला, गोड का खारं? आणि पहिल्या रांगेतून आमचे हेडसर उठले, मंचाशी येऊन डब्याला कान लावला आणि गरजले, "शिंगाडे! उकडलेले शिंगाडे!"

झाकण उघडलं. टाळ्या थांबेनात. परीक्षकसुद्धा हसत होते.

आम्ही बाद झालो. बक्षीस सिनेमाच्या नाचाला गेलं. मांडवामागे पोरी शिंगाडे वाटत होत्या, तेव्हा एकीची आई हेडसरांसमोर येऊन उभी राहिली. "सर, हे शिकवाचा तास बंद करून राह्यले म्हणे तुम्ही. काऊन?"

एरवी छापील मराठी बोलणारे आमचे सर तोंडातला शिंगाडा तसाच ठेवून म्हणाले, "कोण म्हणते बंद करून राह्यलो? दोन तास देतो!"

मी सगळ्यांसमोर खदाखदा हसले. जिंकले होते मी.