विम्याच्या अर्जात न लिहिलेल्या मावशी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरी विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचो. मागे एकदा मुलीने थेट विचारलं, "बाबा, त्या बंगल्यातल्या मावशींच्या हाताचं पुढे काय झालं हो? विम्यातून काही मिळालं का?" मी म्हणालो, "काय मिळणार, नियमात बसत नव्हतं." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की मधली काही वर्षं मला स्वतःलाही ते खरं वाटत होतं. आता ऐंशीला टेकलो आहे. नियमात बसत होतं. ते लिहून ठेवतो.

मी विम्याचा एजंट होतो. माणसांच्या आयुष्याचा विमा माझ्याकडे नसे. दुकानं, ट्रॅक्टर, गाड्या आणि घरं यांचा असे. बुलढाण्याहून सकाळी मोटारसायकल काढायची, आज डोणगावचं अडत दुकान, उद्या बीबीचं कापसाचं गोडाऊन. लोकांना हे काम रुक्ष वाटायचं. मला त्याची गोडी होती, कारण मला प्रश्न विचारायला मिळत. परक्या घरात सोफ्यावर बसून "मागच्या दाराला कडी आहे की कुलूप?" असं विचारण्याची मुभा दुसऱ्या कोणाला असते? एका घरात मी तीन भावांचे तीन फ्रिज एकाच खोलीत रांगेने उभे पाहिले, तिन्हींना वेगवेगळी कुलपं. एका घरात पन्नास-साठ छत्र्या होत्या आणि त्या का आहेत हे कोणालाच सांगता येईना. असल्या गोष्टी मी घरी येऊन बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "तुम्हाले विम्यापेक्षा चांभारचौकश्यातच गोडी."

घराच्या विम्याचा अर्ज चांगला सात-आठ पानांचा असे आणि तो मला तोंडपाठ होता. त्यात एक गंमत होती. नोकरचाकरांचा उल्लेख दोन ठिकाणी यायचा. पहिला चोरीच्या भागात: घरातल्याच नोकराने चोरी केली तर भरपाई मिळणार नाही. दुसरा पुढे, बारीक अक्षरात: घरकामाला किती माणसं आहेत, त्यांचं नाव, वय, पगार. हे भरलं आणि थोडे जास्तीचे पैसे भरले, तर त्या माणसाला काम करताना इजा झाल्यावर भरपाई मिळे. पहिला उल्लेख आम्ही एजंट मोठ्याने वाचून दाखवायचो, कारण नंतर भांडणं नकोत. दुसरा बहुतेक जण ओलांडून पुढे जायचे. मीसुद्धा.

आता त्या बंगल्याविषयी. चिखली रस्त्याला एका शेठचा नवा दुमजली बंगला होता. अडतीचा धंदा, शिवाय बरीच शेती. शेजारी घरफोडी झाली म्हणून त्यांनी मला बोलावलं. घरातल्या सामानाची यादी करायची होती. मी शेठच्या बायकोला, वहिनींना, विचारायला सुरुवात केली, तर दुसऱ्याच वस्तूला त्या अडल्या. हसून म्हणाल्या, "मले नका विचारू भाऊ. मावशीले विचारा. या घरात काय कुठं आहे ते तिलेच माहीत."

मावशी म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाच्या बाई. रोज सकाळी देऊळघाटहून काळीपिवळी जीपने यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असतील, पण सगळं घर मावशी म्हणे म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी पदराला हात पुसले आणि मला खोल्याखोल्यांतून फिरवलं. मी वही घेऊन मागे.

"लिहा. मिक्सर दोन. एक चालू हाये, एक लग्नात आलेला, अजून डब्यातच हाये."

"लिहिलं."

"घरघंटी एक. शिलाई मशीन एक, पन तिची सुई तुटेल हाये. सुईचं लिहा लागते का?"

"नाही, सुईचं नको."

"पितळी घंगाळं चार. पाच होती. एक नणंदबाईनं नेलं. ते नका लिहू, घरात वाद होईन."

अशी दोन तासांत पूर्ण यादी झाली. मी कित्येक घरांच्या याद्या केल्या, पण इतकी पक्की यादी कोणत्या मालकाने दिली नव्हती. वस्तू सांगता सांगता त्या मलाच प्रश्न विचारत होत्या. चोरी झाली तर नवी वस्तू भेटते का? जुन्याची किंमत कमी काऊन धरतात? कोन ठरवते ते? माझ्यासारखाच खोदून विचारणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता, आणि मला मजा येत होती. शेवटी जिन्याजवळ थांबून त्या वहीत डोकावल्या. वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजल्या असाव्यात.

"लय झालं की हो," त्या म्हणाल्या. "अन् मले कोठी लिहता, भाऊ?"

आम्ही दोघंही हसलो. मी म्हणालो, "तुम्हाला कशाला? तुम्ही कुठं चोरीला जाता?"

खाली आलो. शेठनी विचारलं, "आमच्या कुत्र्याचं होते का हो यात?" होत होतं. मी कुत्र्याची जात लिहिली, वय लिहिलं, रंग लिहिला, डाव्या कानावरचा पांढरा डाग लिहिला. त्याच्या लशींचं कार्ड मावशींनीच कपाटातून काढून आणून दिलं.

मग चोरीचा भाग आला आणि मी नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणालो, "शेठ, एक ध्यानात ठेवा. घरातल्या नोकराने काही नेलं तर कंपनी देत नाही." मावशी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मला अवघडल्यासारखं झालं. वहिनींनी सावरून घेतलं. म्हणाल्या, "आमची मावशी काय नोकर आहे का? घरचीच आहे ती."

"हाव," शेठ म्हणाले. "एकवीस वर्षं झाले. कपाटाच्या चाब्या तिच्याच जवळ राह्यतात. म्या मांगतल्या तर मलेच विचारते, काऊन पाह्यजे?"

मावशी खूश झाल्या. "मंग! तुमच्या हाती देल्या असत्या तर कवाच हारपल्या असत्या." सगळे हसले.

दोन पानं उलटल्यावर तो दुसरा रकाना आला. घरकामाला किती माणसं? नाव, वय, पगार. पेन त्यावर टेकलं होतं. आत्ताच 'घरचीच' म्हटलेल्या बाईचा पगार त्यांच्यासमोर कसा विचारायचा? शेठला राग आला तर? समोर सहा वाहनांचा आणि एका गोडाऊनचा विमा मिळायचा होता. आणि खरं सांगायचं तर मला उशीरही झाला होता. मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं. शेठनी न वाचता सही केली. कडीकुलूप विचारताना कधी न लाजलेला मी, त्या एका प्रश्नाला लाजलो.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सफाईत मावशी माळ्यावरचं सामान काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. उजव्या हाताचं कोपर फुटलं. शेठनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं, हे आधी सांगतो. त्यात त्यांनी काही कमी केलं नाही. पण प्लेट घालूनही हात सरळ झाला नाही. कोपरात वाकलेलाच राहिला.

मावशींचं नाव खापरावरच्या मांड्यांसाठी होतं. मांड्याचा पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवावा लागतो आणि मग तापलेल्या उलट्या खापरावर टाकावा लागतो. लग्नसराईत त्यांना चार-चार गावांतून बोलावणं असे. बंगल्यातला पगार आणि हे मांडे, यावर त्यांचं घर चालत होतं. एका हाताने मांडा होत नाही. भाकरीही धड होत नाही.

वहिनींचा फोन आला. "भाऊ, डॉक्टर म्हणते आता तिच्याच्यानं काम होणार नाही. आपल्या विम्यात मावशीचं काही बसते का?"

अर्जाची प्रत माझ्याच बॅगेत होती. मी ती काढूनही पाहिली नाही. म्हणालो, "नाही वहिनी. घरकामाच्या बाईसाठी त्यात काही नसतं. तसा नियमच नाही."

"असं का," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. "नियमच नाही तर आपण तरी काय करणार."

माझं ते वाक्य वहिनींनी शेठना सांगितलं, शेठनी मावशींच्या मुलाला, मुलाने घरी. कोणी पडताळून पाहिलं नाही. विम्याचं मलाच कळतं असं सगळे धरून चालत. खरं सांगितलं असतं, तर अर्जात 'नाही' असल्याने कंपनीने काही दिलं नसतं, भरपाईचा भार शेठवर आला असता आणि शेठ माझ्यावर उखडले असते. त्यांच्या गोडाऊनचा विमा माझ्या हातून गेला असता. मी तो वाचवला.

बंगल्यातून काही महिने गहू जात राहिला, दिवाळीला एक साडी गेली. मग तेही थांबलं. कोणी ठरवून थांबवलं असं नाही. नवी बाई आली होती, आणि आता घरची ती झाली होती.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. मावशी पडल्यानंतरच्या पहिल्याच नूतनीकरणाला मी बंगल्यात गेलो. चहा नव्या बाईने आणला. मी अर्ज उघडला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "शेठ, या बाईंचं नाव, वय, पगार सांगा." शेठनी तिथल्या तिथे सांगितलं. राग नाही, संकोच नाही. जास्तीचे पैसे ऐकून म्हणाले, "बस इतकेच? लावून टाका." पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग त्यांनी मान वर करून विचारलं, "असंही राह्यते काय यात?"

मी म्हणालो, "यंदापासून आलं."

त्या दिवशी मी मोटारसायकल चालू न करता बंगल्याच्या फाटकाबाहेर बराच वेळ उभा होतो. ज्या प्रश्नाला मी घाबरलो होतो, त्याचं उत्तर इतकं सोपं असेल हे मला का कळलं नव्हतं? हे कुतूहल आजही संपत नाही. मावशींच्या वेळी विचारलं असतं तर शेठ चिडले असते का? की नव्या बाईच्या वेळेसारखंच 'लावून टाका' म्हणाले असते? माझा अंदाज असा की ते 'लावून टाका'च म्हणाले असते, आणि तो जास्त जड आहे.

पुढे मी प्रत्येक घरात तो रकाना विचारू लागलो. स्वयंपाकाच्या बाई, माळी, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया. ड्रायव्हर असेल तर गाडीच्या विम्यात त्याचं वेगळं लिहायचो. काही मालक कुरकुरायचे. बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकल्यासारखे बघायचे आणि हो म्हणायचे. याने माझं काही फिटलं असं मी मानत नाही.

मावशी मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्याआधी एकदाच, मी एजंटचं काम सोडल्यावर, त्यांना भेटायला देऊळघाटला गेलो होतो. काळीपिवळीत खिडकीशी बसून मी बोलायची वाक्यं जुळवत गेलो. शेजारच्या माणसाने विचारलंही, "बाबाजी, पाठ करून राह्यले का काई?"

मावशी ओट्यावर बसून डाव्या हाताने मूग निवडत होत्या. मला पाहून सुपलं बाजूला सारलं.

"अगं माय! विमावाले भाऊ! अजून लोकाईच्या घरचे मिक्सर मोजता काय?"

"सोडलं आता. डोळे अधू झाले."

"बरं झालं. लोकाईले इतकं विचारू नाई." आणि हसल्या. सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी हाताचं विचारलं, तर त्यांनी तो वाकलेला हात पुढे करून दाखवला, एखादी वस्तू दाखवावी तसा. "हे बघा, इथून पुढं जातच नाई. सुनेले मांडे शिकवून राह्यली, पन मी तोंडानं सांगतो अन् तिचा मांडा फाटते. हातानं दाखवल्याबिगर ते येत नसते, भाऊ."

आतून सून म्हणाली, "पह्यले पीठ तरी बरं द्या म्हना!"

"पिठाले नावं ठेवते, पहा." मावशी पुन्हा हसल्या. मग जरा वेळाने, माझ्याकडे बघत, आवाज उतरवून म्हणाल्या, "शेठचा काई दोष नाई. नियमच नोहता म्हने. पन तुमी माह्यासाठी लय खटपट केली, वहिनीनं सांगतलं मले. कोन करते हो इतकं? आमी घरी तुमचं नाव घेतो."

वहिनींनी असं का सांगितलं असेल, मला माहीत नाही. बहुधा मावशींना जरा बरं वाटावं म्हणून. चहा आला, तो मी संपवला. गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही सापडेना.

"अजून अर्धा कप घ्या ना, भाऊ."

"नको, निघतो."

उठलो. चपला घातल्या. त्या ओट्याच्या कडेपर्यंत आल्या आणि डाव्या हाताने खांब धरून उभ्या राहिल्या. मी वळलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "मावशी, हाताला शेक देत जा."

मला म्हणायचं होतं: मावशी, नियम होता. तुमच्यासाठी जागा होती, पेन माझ्या हातात होतं, आणि मी 'नाही' लिहिलं. तुम्ही पडल्यावर मी खोटं बोललो. खटपट मी कुठलीच केली नाही. माझं चुकलं, मला माफ करा.