कॅमेऱ्याची गळती

अप्पाराव दुकानात जात ते वस्तूतली खोट शोधायला. घ्यायचं की नाही, ते मागाहून ठरे. तंजावरकडच्या नाचियार्कोविलच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पितळी समयांच्या दांड्यांना आटे पाडले. समई तयार झाली की तिच्या ताटलीत पाणी भरायचं, खाली कोरडी राख पसरायची आणि दुपारपर्यंत थांबायचं. राखेवर एक ओला ठिपका पडला तरी समई परत भट्टीत. मालक म्हणे, एवढ्याशा थेंबानं काय होतंय? अप्पाराव म्हणत, ज्याच्या घरी तेल गळेल त्याला विचारा. काम सोडून सात वर्षं झाली, पण भाजी, भाडेकरू, भाच्याची नवी नोकरी, सगळं ते अजून राखेवर ठेवूनच बघत.

कॅमेऱ्याचं निघालं ते मीनाक्षीबाईंमुळे. त्या थोरल्या बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. गळ्यात गाठ निघाली होती. सोमवारी शस्त्रक्रिया होती आणि नंतर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. दिवा लावतानाचं एक जुनं मराठी गाणं त्यांच्याकडे आईकडून आलं होतं. कडवी चौऱ्याऐंशी. उजव्या हाताच्या बारा पेरांवर कडवी आणि डाव्या हाताच्या पेरांवर फेरे, असे सात फेरे. कुठल्या पेरावर कुठलं पालुपद घ्यायचं ते अंगठाच सांगे. नुसता आवाज ऐकून ते कुणाला जमलं नव्हतं. समईच्या उजेडात मोबाइलवर घेतलं, तर अंगठा दिसेना. आणि बाई मध्ये अडल्या तर पुढचं आठवत नसे. पुन्हा पहिल्यापासून. एका दिवसात दोनदा गाण्याचा दम आता राहिला नव्हता.

मीनाक्षीबाईंचा मुलगा सुरेंद्र आठवडाभर मोबाइलवर वाचत होता. शनिवारी तो मामाला घेऊन महामहम तळ्याजवळच्या कृष्णकुमारच्या दुकानात गेला.

"नव्या माणसाला हाच बरा, मामा," त्यानं एक कॅमेरा उचलला. "पडदा बाहेर वळतो, माईक वेगळा लावता येतो, कमी उजेडातही बोटं दिसतील."

"तुला किती देतो हा?"

"कोण?"

"दुकानवाला. त्याची जाहिरात तूच करतोस म्हणून विचारलं."

कृष्णकुमार तमिळमध्ये म्हणाला, "कार्डात जागा असेतो चालेल, अय्या. बिनघोर न्या."

दुकानात गिऱ्हाइकानं तमिळ बोलावं आणि आपसातलं मराठीत बोलावं, ही आपल्या तंजावरी मराठी लोकांची जुनी खोड. दुकानदाराच्या तोंडासमोर त्याची मापं काढता येतात. अप्पाराव भाच्याला मराठीत म्हणाले, "लबाड दिसतो. बिनघोर म्हणणारानं स्वतः कधी चालवून बघितलेलं नसतं." मग तमिळमध्ये म्हणाले, "चालू करून ठेवा."

"किती वेळ?"

"एकेचाळीस मिनिटं. गाणं तेवढं आहे."

कृष्णकुमार हसला, पण त्यानं कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखून चालू केला. अप्पाराव स्टुलावर बसले. सुरेंद्र दोनदा कॉफी पिऊन आला. दोन गिऱ्हाइकं आली, कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून गेली. पडद्यावरचा आकडा एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर पोचला आणि लाल ठिपका विझला. कार्डात जागा होती, बॅटरीही होती.

"गळला," अप्पाराव म्हणाले.

"बटण परत दाबायचं, मामा. दोन सेकंदं."

"दोन सेकंदांत पालुपद जातं. मग अंगठा काय दाखवणार?"

तेवढ्यात काउंटरपलीकडून मराठीत आवाज आला. "मज ठाव नव्हतं, मामा. लबाडी नव्हे ती. मीही कधी चालवून बघितलं नव्हतं."

सुरेंद्र मान वळवून बाहेर बघू लागला.

"कधीपासून कळतंय?" अप्पारावांनी विचारलं.

"पायरी चढलात तेव्हापासून. सासुरवाडी तंजावरची. सासूबाईही मज लबाडच म्हणतात."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही खरं बोलला असता का?"

अप्पारावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. संशय दुप्पट झाला होता. पण उत्तर त्यांनीही हेच दिलं असतं.

कृष्णकुमारनं माहितीपत्रकं काढली. त्या किमतीतले तिन्ही कॅमेरे अर्ध्या तासाला थांबणारे. "महागातला एक आहे, तो थांबत नाही."

"आता महागातला निघणारच."

अप्पारावांना भट्टी आठवली. मोठ्या समईला वितळलेल्या पितळेची एक मूस पुरत नाही. पहिलीतलं पितळ संपायच्या आत दुसरी ओतू लागतात. धार तुटली तर सांधा दिसतो.

"असे दोन लावायचे," ते म्हणाले. "दुसरा विसाव्या मिनिटाला चालू. एक विकत घेतो. दुसरा भाड्यानं दे."

"भाडं नको. माझा आणतो. मीच येतो."

वाटेत अप्पाराव एवढंच म्हणाले, "भाडं नको म्हणतो, म्हणजे दुसरं काहीतरी हवंय."

रविवारी दिवेलागणीला कृष्णकुमार आला, बायकोला, हरिणीला, घेऊन. हरिणी दारातच म्हणाली, "आजीला तीन फेरे येत होते. पुढचे तिच्याबरोबर गेले. मज एक प्रत पाहिजे."

"काल का नाही सांगितलं यानं?"

"मागितली असती तर दिली असती का?"

दिली नसती. अप्पारावांनी दार पुरतं उघडलं.

मीनाक्षीबाईंनी समई लावली आणि गाणं धरलं. अप्पारावांनी ते ऐकलंच नाही. ते लाल ठिपका बघत होते. विसाव्या मिनिटाला त्यांनी बोट वर केलं, कृष्णकुमारनं दुसरा चालू केला. अर्ध्या तासाला पहिला विझला. दुसरा चालू राहिला. बाईंना दम लागत होता, एकेचाळीसच्या जागी चव्वेचाळीस मिनिटं लागली. अंगठा शेवटच्या पेरावर टेकला.

"उठू का रे?"

"बस, अक्का. आधी बघू दे."

त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांतली मधली दहा मिनिटं शेजारी शेजारी लावून बघितली. दोन्हींत अंगठा त्याच पेरावर होता. तरी त्यांनी सगळं पहिल्यापासून लावायला सांगितलं.

हरिणी पडद्यासमोर बसली. तिचा अंगठा तिच्या पेरांवर चालू लागला. अप्पाराव आता तिच्या बोटांकडे बघत होते. तीन फेरे नीट गेले. चौथ्यात ती एक पेर चुकली.

"थांब," अप्पाराव म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."