भडका मिस्त्री आणि बाईंचा डेक

भडका मिस्त्री आणि बाई पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा गोदीतले बगळे उडाले, दोन होड्यांचे दोर आपोआप सुटले आणि पलीकडच्या बंदरात वादळाचा बावटा चढला, असं सांगतात. यातलं बगळ्यांचं तेवढं खरं असावं.

भडका म्हणजे बोटींचे डेक, म्हणजे वरची फळ्यांची जमीन, बसवणारा सुतार. हे नाव त्याच्या बायकोने ठेवलेलं नव्हतं, पण तिने कधी हरकतही घेतली नव्हती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. नवऱ्यामागे राहिलेली छोटी शिडाची बोट त्या जिवापाड जपत. ठोकळ्यांवर चढवलेल्या त्या बोटीवर भडका शिडीने चढला, एक पाऊल टाकलं आणि तिथूनच ओरडला, "बाई, ही धुतलीत की सोललीत?"

सागवानाच्या फळ्या पुठ्ठ्याइतक्या पातळ झाल्या होत्या. सांध्यांतलं काळं रबर नखभर वर आलं होतं आणि उघड्या पडलेल्या स्क्रूंची डोकी डोळे वटारून बघत होती.

"दर रविवारी तारेच्या ब्रशने घासते," बाई अभिमानाने म्हणाल्या. "स्वतः."

"कुठल्या दिशेने?"

"फळीच्या लांबीने. सरळ रेषेत. वेडंवाकडं मला चालत नाही."

भडक्याच्या कपाळाची शीर तटतटली. लांबीने घासलं की लाकडातला मऊ भाग निघून जातो. घासायचंच तर आडवं, तेही मऊ ब्रशने, हलक्या हाताने. हे सगळं त्याने समजावून सांगितलं, पण अशा आवाजात, की शेजारच्या बोटीवर फक्त "गाढवपणा" एवढंच ऐकू गेलं.

"मिस्त्री, माझ्या शाळेत या आवाजात कोणी बोलत नसे."

"बोलेल कोण? पोरंही घासून पातळ केली असतील!"

तो तडक निघूनच गेला असता. पण डॉक्टरांनी गुडघे टेकायला बंदी केली होती आणि मोठ्या मिनतवारीने शेवटच्या एका कामापुरती सूट मिळाली होती. आयुष्यभर बसवलेल्या डेकपैकी एक तरी आपल्यामागे धड राहावा, हा हट्ट त्याच्या डोक्यात पक्का बसला होता.

मग पटाशी आणि पहार घेऊन तो जुन्या डेकवर तुटून पडला. स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपून खालच्या प्लायवूडचा काळा लगदा झाला होता. तो खरवडताना भडका फळ्यांना शिव्या देत होता, स्क्रूंना देत होता, मधूनच शिक्षण खात्यालाही देत होता.

सांधे भरायचं काम त्याच्या बायकोचं. ती काळ्या रबराची नळी हातात घेऊन म्हणाली, "अहो, फळीला कशाला बोलता? तिने काय केलंय?"

"सोसलं! बोंबलायला नको होतं का तिने?"

"तिच्या वाटचं तुम्ही बोंबलताय की."

नव्या फळ्या त्याने स्क्रूशिवाय चिकटवल्या. भोकच नाही, तर पाणी शिरेल कुठून! बायकोने सांधे भरले, त्याने कण्हत, करवादत सगळा डेक घासकागदाने सपाट केला. सोनेरी सागवान बघून बाईंचा चेहरा उजळला.

"आता हा रंग असाच ठेवायचा."

"नाही राहणार. उन्हाने करडा होईल. होऊ द्यायचा."

"करडा म्हणजे मळका!"

"तुमचे केस करडे झालेत. ते घासता तारेच्या ब्रशने?"

बायकोने पदर तोंडात कोंबला. बाईंनी केसांवरून हात फिरवला.

"ठीक आहे. घासणार नाही. शब्द देते."

"पुन्हा म्हणा!"

मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. तरीही जाता जाता भडक्याने एक बादली लाथेने उडवलीच.

बाईंनी शब्द पाळला. पुढच्या उन्हाळ्यात डेक करडा पडू लागला, तेव्हा त्यांनी तो घासला नाही. तपकिरी ऑइलपेंट फासला. भडक्याच्या बायकोने तो पाहिला आहे. घरी सांगितलेलं नाही.