लगेच नाक लावू नये

कोल्हापूरच्या स्टँडवर बंगलोरची गाडी लागली होती, आई रडायच्या तयारीत होती आणि अप्पा खिशातून अत्तराची कुपी काढत होते. माझ्या दोन बॅगा, चटणीचा डबा, मागून ढकलणारी माणसं, आणि त्या गर्दीत हा माझा बाप काचेच्या बुचाची काडी माझ्या पालथ्या हातावर फिरवतोय! वाळ्याचं अत्तर होतं. मी हात नाकाशी नेला तर त्यांनी त्यावर हलकी चापट मारली.

"लगेच नाक लावू नये. चढू दे आधी."

अप्पांचं पेठ वडगावात कापडाचं दुकान. अत्तर हा त्यांचा धंदा नव्हे, नाद. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना आणि कानात फाया बारा महिने. दिवाळीत दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर अत्तर लागणार म्हणजे लागणार, मग त्यानं रुमाल घेतलेला असो की शालू. त्यांचे नियम कडक. बाटलीला नाक लावायचं नाही, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत आणि लावल्या लावल्या बरं-वाईट बोलायचं नाही. अंगाच्या उबेनं अत्तर चढतं, मग खरं काय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. परगावांना मात्र हा नियम लागू नसे. वडगाव तेवढं गाव, बाकी सगळा त्यांच्या लेखी 'मुलूख'. त्याचा निकाल ते गाडीतून उतरायच्या आत लावत.

"वर्षभर बघ तो मुलूख," ते खिडकीतून म्हणाले. "मग गाशा गुंडाळून घरी."

नोकरी बंगलोरच्याही पुढे, चेन्नईत गिंडीला होती, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची. कोल्हापुरात कारखाने काय कमी होते? नव्हते हो. मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. दोन्हीकडे मला टेलिफोनवर बसवायला एका पायावर तयार होते. इंजिनिअर होऊन फोन उचलायचा, तर मग घरचाच काय वाईट होता?

सैदापेटला मामीच्या घरात वरची खोली मिळाली. मामी म्हणजे घरमालकीण, अख्खी गल्ली तिला मामीच म्हणायची. ती हुकूम तमिळमध्ये सोडायची आणि समजूत इंग्रजीत घालायची. संध्याकाळी मी जिन्यात पाऊल टाकलं की खालून आवाज यायचा, "साप्टिया?" म्हणजे जेवलीस का. माझं पहिलं तमिळ ते. उत्तर काहीही दिलं तरी ती वाढायचीच, त्यामुळे दुसरा शब्द शिकायची घाई नव्हती.

पहिल्याच आठवड्यात अप्पांचा वाळा लावून निघाले. घरी कसा गार वाटायचा, माठातल्या पाण्यासारखा. इथं केसांना मामीनं चोपडलेलं खोबरेल, वर तो चिकट घाम आणि खच्चून भरलेली बस. गिंडी येईपर्यंत मला ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मी रडकुंडीला आले. संध्याकाळी एसटीडी बूथ गाठला.

"अप्पा, वाळा बिघडला."

"वाळा बिघडत नाही. तो मुलूखच बिघडलाय. ये परत."

पुढे प्रत्येक रविवारचा फोन याच वाक्यावर संपायचा. पण मीही त्यांचीच लेक. म्हटलं, या हवेत अंगावर टिकेल असं काहीतरी असणारच की! विचारत विचारत ट्रिप्लिकेनला अत्तरांच्या दुकानात पोचले. दुकानदार म्हातारे होते, सगळे त्यांना भाई म्हणत. दखनी बोलायचे, "हल्लू हल्लू बेटी, जल्दी कायकू?" आपलं हळूच ते, नुसता ल जड. परक्या शहरात तेवढ्यानंही जिवाला बरं वाटलं.

हल्लू कुठली! मी हावरटासारखं सगळंच लावून घेतलं. केवडा, मोगरा, ऊद, चंदन, मातीचं अत्तर. दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. परतीच्या बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून उभी राहिली. चेन्नईच्या बसमध्ये मिळालेली जागा कुणी सोडत नाही, यावरून काय ते समजा. मामीनं तर दारातच अडवलं. "अय्यो! मॅरेज हॉल आ?" म्हणाली आणि बोटानं न्हाणीघर दाखवलं.

मग शहाणी झाले. रविवारी एकच अत्तर, एकाच हातावर. केवडा माझ्या घामाशी भांडतो हे कळलं. चंदन गपगुमान बसून राहतं. मोगरा दुपारी डोकं उठवतो, पण समुद्राचा वारा सुटला की गोड होतो. अत्तरांबरोबर बाकीचंही अंगवळणी पडत गेलं. माझ्या ड्रॉइंगवरून बनलेला पहिला गिअर मशीनवरून आला, तेव्हा मी तो तेलकटच्या तेलकट हातात घेतला. हाताला दिवसभर त्या तेलाचा वास होता आणि मी साबण लावला नाही. इतका आनंद मला त्याआधी कशाचाच झाला नव्हता. हे मात्र अप्पांना फोनवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तेल काय इथं मिळत नाही?

वर्ष भरलं आणि चैत्र संपता संपता अप्पा न्यायलाच आले. पांढरा सदरा, कानात फाया, हातात पिशवी. स्टँडवरच रिक्षावाल्याशी जुंपली. "मीटर काय शोभेला बसवलाय?" असं अस्सल वडगावी मराठीत विचारलं, आणि त्यानं तितक्याच अस्सल तमिळमध्ये उत्तर दिलं. दुपारी नळाला पाणी नव्हतं. मामीनं प्रेमानं सांबार भात, रसम भात, ताक भात असं ओळीनं वाढलं, तर हे शेवटपर्यंत भाकरीची वाट बघत बसले. संध्याकाळी सदरा घामानं पाठीला चिकटलेला, अशा अवतारात त्यांनी खिशातून तिकिटं काढली. दोन होती.

"परवाची गाडी आहे. सामान बांध."

मला रागही आला आणि रडूही आलं. भांडून उपयोग नव्हता, भांडणात ते मला कधीच हरले नव्हते. म्हटलं, "बरं. पण उद्याचा दिवस माझा."

दुसऱ्या दिवशी त्यांना भाईंच्या दुकानात नेलं. म्हटलं, या शहरातलं निदान एक तरी दुकान त्यांना आवडू दे. दोघं म्हातारे खरा हिना कोणता यावरून असे कडाडून भांडले की मला वाटलं, आता मारामारी होणार. पण दोघांचे चेहरे बघाल तर लग्नघरासारखे! शेवटी भाईंनी एक बारकी कुपी काढली. नाव न सांगता एकाच काडीनं आधी अप्पांच्या हाताला लावलं, मग माझ्या. मी वास घेतला आणि ओरडले, "ई! काढा आहे नुसता!"

हातावर चापट बसली. "चढू दे आधी."

तिथून मरीना बीचवर गेलो. वाळूत बसून सुंडल खाल्लं, वाफवलेले हरभरे, त्यात खोबरं आणि कैरी. अर्धा पुडा संपल्यावर अप्पांनी सावकाश हात नाकाशी नेला आणि ताठ बसले.

"अगं, दवणा हाय हा! आपल्या जोतिबाचा दवणा!"

आठवड्यापूर्वीच ते डोंगरावर दवणा वाहून आले होते, ओळखणार नाहीत तर काय. मग त्यांनी माझा हात ओढला. हुंगला. पुन्हा स्वतःचा हुंगला. त्यांच्या हातावर तो कडक, हिरवागार होता. माझ्या हातावर गोड झाला होता, काकवीत पिकलं केळं कुस्करावं तसा.

"ह्या दोन बाटल्या होत्या."

"एकाच काडीनं लावलं, अप्पा. तुमच्या डोळ्यांदेखत."

तेवढ्यात समोरून एक बाई गेली. तिच्या गजऱ्यात मोगऱ्याच्या मधे मधे हिरवी काडी ओवलेली. अप्पांचं नाक तिच्या मागे वळलं. "बघ बघ! दवणा! ह्या बाया देवाचा दवणा डोक्यात माळतात?"

"रोज माळतात. मामीसुद्धा. पण तुम्ही आल्या आल्या नाक मुरडून बसलात, दिसणार कसं?" आता सुटलेच होते, थांबता येईना. "तुमचाच नियम तुम्ही मोडलात, अप्पा. माझ्यावर हे शहर आता कुठं चढायला लागलंय. आणि ते तुमच्यावर चढेल तसं नाही चढायचं. माझ्यावर असंच चढणार."

अप्पा समुद्राकडे बघत हरभरे चावत राहिले. मग त्यांनी पुन्हा माझा हात घेतला, वास घेतला, सोडला.

"वाईट नाही," ते म्हणाले. "वेगळं हाय." आणि पुडा संपल्यावर, "तुझ्या आईला काय सांगू?"

ठरलेल्या गाडीनं ते एकटेच गेले. माझ्या सीटवर त्यांनी भाईंकडच्या अत्तरांची पिशवी ऐसपैस बसवली होती.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे ठाऊक असेल. वडगावात पाऊल ठेवलं की आई पाठीवर हात फिरवत म्हणते, "मद्रासचा वास येतोय गं तुला." परत आले की मामी जिन्यातच ओळखते की मी गावाहून आले. आधी याचं वाईट वाटायचं. आता दोन्हीकडे खुशाल हुंगू देते.

त्या वर्षीच्या दिवाळीत स्टँडवरून थेट दुकानातच गेले. ही गर्दी! गल्ल्यावर अप्पा, हातात ती बारकी कुपी. मी बॅग घेऊन दारातच थांबले होते, त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, "अप्पा, औंदा नवीनच दिसतंय, कुठलं हे?"

"हे व्हय?" अप्पा काडी फिरवत म्हणाले. "आमच्या पोरीच्या गावचं."

गावचं म्हणाले. माझे डोळे भरून आले, पायरी दिसेना. तेवढ्यात त्या गिऱ्हाइकानं हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. गल्ल्यावरून अप्पा आणि दारातून मी, दोघं एकदमच ओरडलो,

"अहो, चढू दे आधी!"