एकाहत्तर दिवसांचा सिलिंडर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.१० ला पाणी आले, ६.५० ला गेले. मेथीची एक जुडी घेतली. अंकाची प्रुफे आल्याचा निरोप आला. दुपारी ४ वाजता वाचनालय. बाळासोंशी बोलायचे.

शालन कांबळेंनी शेवटच्या शब्दाखाली रेघ मारली. एवढी मोकळीक त्या वहीत क्वचितच घेत. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी सांगितलं होतं, काय घडलं ते वहीत लिही, काय वाटलं ते देवाला सांग. बौद्ध घरातल्या शालननं देवाचा भाग सोडून दिला. वहीचा मात्र पन्नास वर्षं पाळला.

वाचनालयाच्या लेखनवर्गात प्राध्यापक दीप्तीनं सांगितलं होतं, "निबंधासारखा दिसणार नाही असा निबंध लिहून आणा." कुणी पत्र आणलं, कुणी लोणच्याची कृती. शालनबाईंनी वह्या काढल्या आणि ऐंशी ओळी उतरवल्या. प्रत्येक ओळीत सिलिंडर लावल्याची तारीख आणि तो किती दिवस पुरला तो आकडा. बाकी अक्षर नाही. दीप्तीनं त्या दोनदा वाचल्या. मग म्हणाली, "यात काही वाढवू नका."

वाढवलं बाळासोंनी. निवृत्त मुख्याध्यापक, वार्षिक अंकाचे संपादक, माणूस वाईट नाही. प्रुफात शालनबाईंचा निबंध 'गृहिणींसाठी'च्या पानावर होता, शेंगदाण्याच्या चटणीखाली. मथळा: 'गॅसची बचत, एक आदर्श'.

"एकाहत्तर दिवस पुरवलाय की तुम्ही, वैनी," बाळासो कौतुकानं म्हणाले. "बायका शिकतील."

"निबंध आहे तो. निबंधांच्या पानावर घ्या."

"प्रस्तावना न्हाय, उपसंहार न्हाय. यादी हाय ही."

"मग परत द्या. बचत म्हणून छापायची नाही."

"उद्या छपाई हाय, वैनी. आता कुठं पानं हलवता?"

शालनबाईंनी चष्मा पुसला. "एकदा ऐका. मग ठरवा."

खुर्ची पुढं केली तरी त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच वाचू लागल्या. तारीख, एकोणतीस दिवस. तारीख, अठ्ठावीस. बाळासो पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. वाचनालयाची टेबलं पुसणारी अंबूबाई फडकं धरून थांबली. पुढं आकडे तेहेतिशीवर गेले, चौतिशीवर गेले, तिथंच काही वर्षं राहिले. मग एकवीस. एकोणीस. मग एकाहत्तर.

"थांबा जरा," अंबूबाई म्हणाली. "आधी मालक कामावर हुतं न्हवं?"

"होय, बाबासो कागलच्या एमआयडीसीत होते. दुसरी पाळी. आले की जेवण परत गरम करायचं."

"मग घरी बसलं. आन् एकुणीस म्हंजी दुखणं. ऊन पाणी, पेज."

"होय."

अंबूबाईनं फडकं खांद्यावर टाकलं. "यात बचत कुठं दिसली वो तुमाला, सर? बाईचा माणूस गेलाय त्यात."

बाळासोंनी प्रुफातल्या शेवटच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "वैनी, वर एकच वाक्य घालूया. पतीच्या निधनानंतर, असं. सगळ्यांना कळंल असं न्हाय."

"अंबूबाईला कळलं. ती शाळेत गेलेली नाही. तुमचे वाचक तर शिकलेले आहेत."

"आन् उपसंहार?"

"तो घरी शेगडीला जोडलेला आहे. संपला की कळवीन."

बाळासोंनी लाल पेनानं मथळा खोडला, चटणीपासून निबंधापर्यंत बाण ओढला आणि वर पानाचा नवा आकडा घातला. "लई हट्टी हाय तुम्ही."

"बाबासोही म्हणायचे," शालनबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "तारखेसकट लिहून ठेवलंय मी."

संध्याकाळी त्यांनी सकाळच्याच पानावर लिहिलं: निबंध पान ११ वर. मथळा नाही, प्रस्तावना नाही. मेथी अर्धीच केली. अर्धी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.